कोपऱ्यातलं टिपण

बाईंचं टिपण सोयकरने पूर्ण वाचलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. याबद्दल कुणी विचारलं असतं तर त्याने ते हसत हसत कबूल केलं असतं, कारण लाज वाटायची वेळ अजून यायची होती.

सोयकर शब्दकोश कार्यालयात सहायक संपादक होता. सोयकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. कुणाची खुर्ची डुगडुगली की हा पुठ्ठ्याची घडी घेऊन हजर, कुणाचं कपाट लागत नसेल तर हा दाराच्या कडेला मेणबत्ती घासत वाकलेला. अशा बारीकसारीक सोयी करत करत त्याला हे नाव चिकटलं आणि इतकं घट्ट चिकटलं की टपाल आणून देणारा माणूसही खरं नाव लिहिलेलं पाकीट हातात धरून “हे कोण?” असं विचारायचा.

कोशाचं काम म्हणजे सगळं खिडक्यांचं काम. एकाच शब्दासाठी कॉम्प्युटरवर एका खिडकीत शब्द टिपलेल्या जुन्या चिठ्ठ्यांची छायाचित्रं, दुसरीत मसुदा, तिसरीत मागची आवृत्ती, चौथीत उदाहरणवाक्यांचा साठा. एक उघडली की दुसरी झाकली जाते. आणि या सगळ्यांवर रोज सकाळी दहाच्या ठोक्याला येऊन पडायचं ते बाईंचं टिपण.

बाई म्हणजे मुख्य संपादक. सत्तावीस वर्षं त्या खुर्चीवर होत्या. त्यांना नाव होतंच, पण ते घ्यायचं धाडस कार्यालयात कुणाला नव्हतं. रोज एक टिपण लिहायचं हा त्यांचा नेम. त्यात अर्धविरामापासून कप कुठे विसळायचे इथपर्यंत सगळं असायचं. कधी कधी तर ‘कालच्या टिपणातील सातव्या मुद्द्याबाबत खुलासा’ एवढ्याचीच चार पानं व्हायची. लोक टिपणं वाचत नाहीत असा संशय आल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक तंत्रज्ञ बोलावून अशी व्यवस्था करून घेतली, की टिपण प्रत्येकाच्या स्क्रीनवर आपोआप उघडावं. दुपारी पुरवणी टिपण यायचं, तेही तसंच.

सोयकरला इंटरनेटवर एक इवलासा प्रोग्रॅम सापडला. पूर्ण फुकट. कुणीतरी, कुठेतरी स्वतःच्या सोयीसाठी केलेला आणि मग सगळ्यांसाठी ठेवून दिलेला. जाहिरात नाही, नावनोंदणी नाही. कोणती खिडकी कुठे बसवायची, केवढी ठेवायची, हे त्याला एकदा सांगितलं की तो ते कायम लक्षात ठेवायचा. हवी ती खिडकी फिकी करून मागचं दिसेल अशीही करता यायची. सोयकरने चिठ्ठ्या डावीकडे बसवल्या, मसुदा उजवीकडे, वाक्यं खाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा स्क्रीन माणसात आला. मग एके दिवशी ऐन ‘नाक’ या नोंदीत, पुरवणीची पुरवणी म्हणून तिसऱ्यांदा टिपण येऊन आदळलं, तेव्हा त्याने वैतागून आणखी एक नियम लिहिला. जिच्या नावात ‘टिपण’ असेल ती खिडकी काडेपेटीएवढी करावी, उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवावी आणि पुसट करावी. टिपण मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन बसलं. दोन ओळी काय त्या दिसत होत्या, त्याही धुऊन घेतल्यासारख्या. सोयकर ‘नाक’कडे वळला आणि तो नियम विसरूनही गेला.

त्याच्या शेजारच्या टेबलावर शब्दांच्या व्युत्पत्ती पाहणारे गृहस्थ बसत. त्यांना सगळे मूळपुरुष म्हणायचे. एकदा ते पाठीमागे येऊन उभे राहिले.

“अहो सोयकर, तुमच्या खिडक्या शिस्तीत कशा काय बसतात? माझ्या तर नुसत्या अंगावर येतात.”

“सोपं आहे. पेनड्राइव्ह द्या.”

त्याने आपला फोल्डर उचलून मूळपुरुषांच्या कॉम्प्युटरवर ठेवला. मग अक्षरजुळणीवालीने मागितला, मग मुद्रितशोधकाने. पंधरा दिवसांत आपल्याखेरीज दहाच्या दहा कॉम्प्युटरांवर सोयकरने ती सोय पोचवली. फोल्डरमध्ये प्रोग्रॅमबरोबर आपले नियमही आहेत, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. माणूस रिकामं घर भाड्याने द्यायला जावा आणि आत वाळत टाकलेल्या बनियनसकट देऊन यावा, तसं झालं.

ज्याच्याकडे ही सोय पोचली त्याच्या स्क्रीनवर दुसऱ्या दिवशी सकाळी टिपण उघडलं, आक्रसलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं. ते दहाही जणांनी पाहिलं. बोललं मात्र कुणीच नाही. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं आणि आपलं एकट्याचं नशीब उघडलं. बोललो तर दुरुस्त करतील.

“बाई हल्ली थोडक्यात लिहितात, नाही?” अक्षरजुळणीवाली एकदा चहा घेताना सावधपणे म्हणाली.

“वय झालं की माणूस मवाळ होतो,” मूळपुरुष म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

असे तीन महिने गेले. मग बाईंच्या कानावर ही सोय गेली. त्यांनी सोयकरला खोलीत बोलावलं.

“सगळ्यांच्या खिडक्या आवरल्यात म्हणे तुम्ही. मी काय पाप केलंय?”

“तसं नाही बाई, तुम्हाला कशाला त्रास...”

“लावून द्या. हे तुम्ही स्वतः केलंत?”

इथे खरं सांगायला काही हरकत नव्हती. पण बाईंच्या तोंडून कौतुक ऐकण्याची सोयकरला सवय नव्हती. “छोटंसंच आहे बाई,” तो म्हणाला आणि पेनड्राइव्ह लावला.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला बोलावणं आलं. तो गेला तेव्हा मूळपुरुष कसलासा कागद घेऊन आधीच तिथे उभे होते.

“सोयकर, इकडे या. काय दिसतंय सांगा.”

सोयकरने पाहिलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढं, पुसट टिपण बसलं होतं. सेकंदभर त्याला काही कळलं नाही. मग एकदम सगळं कळलं. दहा कॉम्प्युटर, तीन महिने, ‘नाक’.

“टिपण आहे, बाई.”

“ते मला ठाऊक आहे, मीच लिहिलंय. लिहीत असते तोवर ठीक. नाव देऊन ठेवलं की आक्रसतं. दोनच ओळी दिसतात, त्याही फिक्या. तुम्हाला कसं दिसतंय?”

एक वाक्य पुरलं असतं. ‘बाई, माझी चूक आहे’, बस्स. पण बाजूला मूळपुरुष उभे होते, बाई चष्म्यावरून बघत होत्या, आणि ‘तुमची टिपणं मी कोपऱ्यात टाकली’ हे वाक्य मराठीत कोणत्याही क्रमाने बोललं तरी वाईटच दिसत होतं.

“मला तर चांगलं दिसतंय,” सोयकर म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तो स्वतःच चमकला.

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“आणि तुम्हाला हो?” बाई मूळपुरुषांकडे वळल्या.

मूळपुरुष तीन महिने असंच टिपण पाहत होते आणि ते बिघडवलं आपणच अशी त्यांची खात्री होती. “ठसठशीत आहे की,” ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. मग खालच्या आवाजात स्वतःशीच म्हणाल्या, “म्हणजे डोळेच.”

संध्याकाळी सोयकर घरी आला. त्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. वीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकून तिची नजर तयार झाली होती.

“कान का लाल झालेत तुझे?”

त्याने सांगितलं. ती ऐकत ऐकत भाजी चिरत राहिली.

“एवढंच ना? उद्या गेल्या गेल्या सांगून टाक.”

“उद्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणारेत.”

“मग त्या निघायच्या आत सांग.”

“परस्पर घरूनच जाणार.”

“फोन आहे की.”

“असलं काही फोनवर सांगतात का?”

“अरे, तोंडावर सांगत नाहीस, फोनवर सांगत नाहीस. मग काय टिपण लिहिणारेस?”

सोयकर त्या दिवशी अर्धपोटी उठला.

दुसऱ्या दिवशी बाई नसताना तो वायर तपासायच्या निमित्ताने त्यांच्या खोलीत शिरला आणि तो नियम तेवढा पुसून बाहेर आला. दोन मिनिटांचं काम. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने अक्षरजुळणीवालीच्या खणाला उगाचच मेण लावून दिलं.

तिसऱ्या दिवशी बाई नवा, जाड चष्मा लावून आल्या. साडेदहाला त्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि बाई स्वतः बाहेर सगळ्यांची टेबलं असलेल्या मोठ्या खोलीत आल्या.

“दिसलं!” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणत होते नंबरात फार फरक नाही, मीच हट्टाने बदलून घेतला. पूर्ण दिसलं, काळंभोर!”

सगळ्यांनी अभिनंदन केलं. बाईंनी अक्षरजुळणीवालीला त्या डॉक्टरचा पत्ता दिला. तिचे डोळे उत्तम होते, तरी तिने तो लिहून घेतला. सोयकरही हसला, पण कान झाकता आले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

“सांगितलंस?” बायकोने विचारलं.

“आता गरजच उरली नाही.”

“बरं, जेव मग,” ती अशा काही स्वरात म्हणाली की घास फिरत राहिला.

उरलेल्या दहा कॉम्प्युटरांवरचा नियमही काढायचा, असं सोयकरने ठरवलं होतं. पण दहा माणसं खुर्चीवरून उठणार कधी? उठवायचं तर कारण सांगावं लागणार. ‘उद्या करू’ म्हणता म्हणता आठवडा गेला. आणि त्या आठवड्यात बाईंना नव्या चष्म्याचा उत्साह आला. कधी नव्हे ते त्या टेबलाटेबलांवरून फिरून काम बघू लागल्या.

मूळपुरुषांच्या मागे त्या थांबल्या. “माझं आजचं टिपण बंद केलंत?”

“छे छे! हे काय बाई,” मूळपुरुषांनी घाईघाईने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

बाई वाकल्या. चष्मा पुढे ओढला, मागे सारला. “फिकं आहे हे.”

मूळपुरुषांनीही वाकून पाहिलं. “नाही हो बाई. चांगलं गडद आहे.”

बाई पुढच्या टेबलावर गेल्या, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक कोपऱ्यात तेच. प्रत्येकाला त्यांनी विचारलं आणि प्रत्येकाने, आपल्यावर बालंट येईल या भीतीने, तेच उत्तर दिलं. “चांगलं दिसतंय, बाई.” दहा माणसं ओळीने खोटं बोलली. सोयकर मान खाली घालून बसला होता आणि त्याला तो प्रत्येक ‘चांगलं दिसतंय’ फटक्यासारखा मोजून मिळत होता. बाई खोलीत परतल्या. तिथे त्यांच्या स्क्रीनवर टिपण पूर्ण, काळंभोर उघडं होतं.

दोन दिवसांनी सोयकर ‘पाऊल’ची पानं घेऊन खोलीत गेला तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“पुन्हा डॉक्टरकडे गेले होते,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, स्वतःच्या टेबलावर दिसतं आणि दुसऱ्याच्या टेबलावर दिसत नाही, असा डोळ्यांचा विकारच नसतो. मेंदूच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलंय.”

“बाई...”

“बोला.”

सोयकरचं तोंड उघडलं. जीभ तयार होती. “पाणी आणू?” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी बायकोने त्याच्या ताटासमोर फोन आणून ठेवला. त्याने तो उचलला, नंबर लावला. पहिली घंटा वाजायच्या आत त्याने तो बंद केला आणि म्हणाला, “लागत नाहीये.” बायकोने त्याच्या कानांकडे पाहिलं आणि ताट उचलून नेलं.

पुढच्या आठवड्यात बाई तीन दिवस तपासण्यांसाठी रजेवर होत्या. परत आल्या त्या गप्प गप्प. शुक्रवार उजाडला. दहाला नेहमीसारखं टिपण आलं आणि नेहमीसारखं कोपऱ्यात बसलं. दिवसभर काम झकास झालं. कोशातला सगळ्यात जाडजूड भाग म्हणजे ‘प’. तो त्या दिवशी संपायचा होता. पावणेपाचला ‘प्लीहा’ आणि ‘प्लुत’चं शेवटचं पान घेऊन सोयकर सहीसाठी बाईंच्या खोलीत गेला.

कपाट उघडं होतं, वरचे दोन कप्पे रिकामे. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून जमिनीवर ठेवले होते. बाई टेबलावर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या.

“सही हवी होती, बाई.”

त्यांनी न वाचताच सही केली. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“आवराआवर चाललीय?” सोयकरने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हीसुद्धा, सोयकर?”

“काय, बाई?”

“सकाळपासून बसलेय मी. अकरा माणसं आहात तुम्ही बाहेर. समारंभ करा असं माझं म्हणणं नव्हतं. पण कुणीतरी दारातून डोकावून ‘खरंच का बाई?’ एवढं तरी...” त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. “असो. आभार मानलेत मी सगळ्यांचे, टिपणात. पोचले असतील.”

सोयकर बाहेर आला. आपल्या खुर्चीवर बसला. माउसने कोपऱ्यातली काडेपेटी पकडून मध्ये ओढली, मोठी केली, गडद केली. वर्षभरात पहिल्यांदा तो बाईंचं टिपण वाचत होता.

‘टिपण क्रमांक ६७६८. शेवटचे,’ असं वर लिहिलं होतं. खाली सात मुद्दे होते. पहिल्या तीन मुद्द्यांत आभार. चौथ्यात लिहिलं होतं : ‘माझ्या नजरेवर आणि स्मृतीवर माझा भरवसा उरलेला नाही. कोशाच्या कामात शब्दावर शंका घेता येते; तो पाहणाऱ्यावर शंका घ्यावी लागली तर काम थांबते. म्हणून मी आजपासून निवृत्त होत आहे.’ पाचवा मुद्दा पंख्याबद्दल होता. नव्या संपादकांनी तो तीनवर ठेवू नये, आवाज करतो. सहावा असा होता : ‘माझी दृष्टी दगा देत असताना सोयकर मला सगळ्यांआधी “चांगलं दिसतंय” असे म्हणाले. मला धीर यावा म्हणूनच ते तसे म्हणाले, हे न कळण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. इतक्या हळव्या मनाचा माणूस या कार्यालयात आहे याचे मला समाधान आहे.’

सातवा मुद्दा सोयकरने वाचलाच नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूला लोक पिशव्या उचलत होते, मूळपुरुष छत्री शोधत होते, आणि त्यांच्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाईंचा निरोप पुसट होऊन पडला होता.

तो उठला, बाईंच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

“बाई, तुमचे डोळे चांगले आहेत. मेंदूही चांगला आहे. वाईट आहे तो मी.”

मग त्याने सगळं सांगितलं. ‘नाक’पासून फोनपर्यंत. प्रोग्रॅम आपण केलेला नाही, फुकट मिळालेला आहे, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं, पण ओघात निघालं. बाई ऐकत राहिल्या. तो थांबल्यावर त्यांनी उठून पंखा बंद केला.

“दाखवा,” त्या म्हणाल्या.

बाहेरची खोली रिकामी झाली होती. सोयकरने आपल्या स्क्रीनवर नियमांची यादी उघडली. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

“काडेपेटीएवढी?”

“तिथे आकडे असतात, बाई. पण होते साधारण तेवढीच.”

“आणि वर फिकी.”

“हो.”

“किती जणांच्या?”

“सगळ्यांच्या.”

“म्हणजे मी टेबलाटेबलावर विचारत फिरले त्या दिवशी...”

“सगळ्यांना फिकंच दिसत होतं. घाबरून खोटं बोलले. माझ्यासारखेच.”

बाई मूळपुरुषांच्या खुर्चीवर बसल्या. “मेंदूच्या डॉक्टरांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला लावलं, सोयकर. मी दोनपर्यंत गेले. त्यांचा मदतनीस कागदावर मांडत होता, तो मधेच चुकला.”

सोयकरला वर बघवेना. “मी राजीनामा देतो, बाई.”

“गप्प बसा. एका दिवसात एक पुरे.” त्या स्क्रीनकडे वळल्या. “म्हणजे तीन-साडेतीन महिने माझं टिपण कुणी वाचलेलंच नाही?”

“नाही.”

“‘प’ कधी धरला आपण?”

सोयकरला प्रश्नाचा रोख कळला. “साडेतीन महिन्यांपूर्वी.”

“आज संपला. आणि ‘न’ला किती लागले होते?”

“दोन वर्षं.”

“रोज टिपण वाचून.”

“हो, बाई. आणि ‘न’ तसा लहान आहे.”

“आता एकदम एवढं खरं बोलायचं कारण नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. सोयकरला आधी वाटलं राग आहे. मग त्याच्या लक्षात आलं की हा रंग त्याच्या चांगल्या ओळखीचा आहे.

“गेल्या महिन्यात कोशाच्या विश्वस्तांना अहवाल पाठवलाय मी,” त्या चाचरत म्हणाल्या. “त्यात लिहिलंय, ‘कामाचा वेग वाढला, त्याचे श्रेय दैनंदिन टिपणांना आहे.’ ठळक अक्षरांत.”

दोघंही एकमेकांना सोडून रिकाम्या टेबलांकडे बघत बसले.

“आजचं टिपण कुणी कुणी वाचलंय?” बाईंनी अचानक विचारलं.

“मी एकट्याने. तेही आत्ता.”

“आणि विश्वस्तांना राजीनाम्याचं पत्र सोमवारी जायचं होतं. पाकीट माझ्या खणात आहे.” त्या विचार करू लागल्या. “म्हणजे मी निवृत्त झालेय हे तुमच्याखेरीज कुणाला ठाऊकच नाही.”

“कुणालाच नाही.”

“मग जे कुणाला कळलंच नाही, ते मागे तरी काय घ्यायचं? पुसा ते.”

सोयकरने बाईंच्या कॉम्प्युटरवर जाऊन मूळ टिपणच पुसलं. त्याबरोबर बाहेरचे दहाही कोपरे रिकामे झाले. मग दोघांनी मिळून सुतळ्या सोडल्या आणि पुस्तकं पुन्हा कपाटात लावली. बाई सांगत होत्या, तो लावत होता. खालचा कप्पा होत आला तेव्हा त्या म्हणाल्या, “बाकीच्यांचा तो नियम आहे तसा राहू द्या. ‘फ’ व्हायचाय अजून.”

“बरं.”

“पण मी लिहिलेलं एकाने तरी पूर्ण वाचलं पाहिजे. ते तुमचं यंत्र उलटं काम करतं का? खिडकी मोठी, गडद, सगळ्यांच्या वर, आणि काही केल्या हलणार नाही अशी?”

“करतं की,” सोयकर उत्साहाने म्हणाला, आणि म्हणता म्हणताच ती कुणासाठी हवी आहे ते त्याला कळलं.

सोमवारी दहाला टिपण आलं. सोयकरच्या स्क्रीनवर ते या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं. चिठ्ठ्या, मसुदा, वाक्यं सगळं त्याच्या पाठीमागे गडप. त्याने ते ओढून पाहिलं, हललं नाही. हलू नये अशी तजवीज त्याने स्वतःच केली होती. शेजारी मूळपुरुष कोपऱ्याकडे ढुंकूनही न बघता मजेत काम करत होते. टिपणात एकच मुद्दा होता : ‘आजपासून “फ” सुरू. “फजिती” ही नोंद सोयकरांनी करावी. उदाहरणवाक्य स्वतःच्या अनुभवातले द्यावे. उसने चालणार नाही.’

सोयकर दिवसभर लिहीत बसला. काही लपवलं नाही, काही गाळलं नाही. संध्याकाळी त्याने पान बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या नजरेला नजर न देता बाहेर पडला.

मंगळवारी पान परत आलं. समासात लाल शाईने शेरा होता : ‘वाक्य दीड पानाचे झाले आहे. इतके लांब कुणी वाचत नाही.’